पावसाचं काम

प्रिय धाकटे,

हात दोनदा घासून लिहायला बसलोय, तरी नखांत हिरवा रंग उरलाच आहे. कागदावर कुठे डाग दिसला तर तो सदाहरित जंगलाचा समज. मुलांना दाखवायच्या देखाव्यांपैकी जंगलाच्या पेटीचं छत गेल्या महिन्यात भेगाळलं, म्हणून सगळी झाडं उपटून पुन्हा बसवतोय. पानांच्या मागच्या बाजू पुढच्यापेक्षा फिकट रंगवल्या आहेत. "दादा, पानाची पाठ कोण बघायला जाणार आहे?" हा तुझा प्रश्न मी काम करताना स्वतःच विचारून घेतो आणि "मी बघणार" हे उत्तरही मीच देतो. मजा येत नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं.

तू परत यावंस असं मला वाटतं. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर चार पानं इकडच्या तिकडच्या गोष्टी लिहून मुद्दा राहून जायचा, आणि माझा तो स्वभाव तुला पक्का ठाऊक आहे.

वाचनालयाच्या वरची आपली खोली चालू आहे. मुलांना पेट्या दाखवायला तुझ्या जागी एक बाई येतात. चांगल्या आहेत, वेळेवर येतात, वाळवंटाच्या पेटीवर पर्स ठेवत नाहीत. पण त्या आधी नाव सांगतात. हे वाळवंट, हा गवताळ प्रदेश, हा बर्फाळ प्रदेश, चला पुढे. मुलं माना डोलावतात आणि खिडकीतून खाली बघत बसतात. तू नाव कधीच आधी सांगितलं नाहीस. पेटीवरचं कापड काढायचं आणि म्हणायचं, "आजपासून तुम्ही इथे राहणार. सकाळी उठलात, घसा सुकलाय. आता?" मग पोरांची ही झुंबड! कुणी खडकामागे पाणी शोधतंय, कुणी उंटाच्या मदारीवर बोट ठेवतंय. त्यात पाणी नसतं, चरबी असते, हे मला मागून ओरडून सांगावंच लागायचं. "झालं! दादांचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं," म्हणून तू मुलांना माझ्यावर हसवायचीस. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, खालच्या कपाटातली पुस्तकं वाचून शिकलो. म्हणून माझ्या पेटीत चूक राहिलेली मला खपत नाही. पण एक कबूल करतो. पेट्या मी केल्या, जग मात्र त्यात तू आणलंस.

आणि पाऊस खारुताईने.

तिचं नाव लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. तुला लिहितोय म्हणून असेल. आठवतं, पावसाचं काम तू तिला कसं दिलंस? शाळा सुटली की ती माझ्या कामाच्या टेबलाखाली बसून पेन्सिलींचे तुकडे लपवायची, म्हणून तर ती खारुताई. एक दिवस तू तिला ओढून बाहेर काढलंस, हातात लहान झारी दिलीस आणि मुलांना सांगितलंस, "ह्या पाऊसबाई. ह्यांच्या मर्जीवर जग चालतं." वाळवंटाला एक चमचा. बर्फाळ प्रदेशाला दोनच, कारण तिथे पडतं थोडं, पण गोठून साठून राहतं. गवताला वाटीभर. जंगलाला अख्खी झारी. पाणी किती, त्यावरून मुलांनी ओळखायचं की तिथे कोण राहू शकेल. समुद्राच्या पेटीपाशी येऊन तिने विचारलं होतं, "आत्या, ह्याच्याकडे एवढं आहे, ह्याला कशाला?" तू म्हणालीस, "घाल गं थोडं, त्यालाही बरं वाटतं." मी चिडलो होतो. समुद्राला काय बरं वाटायचंय! आज मी ते वाक्य खोडायला जाणार नाही.

सगळ्यात लाडकं तिचं तळं. एकट्या त्याच पेटीत खरा चिखल, साठलेलं खरं पाणी, खऱ्या गोगलगायी. दर आठवड्याला पाणी उडून खाली जायचं आणि ती खुणेच्या दगडापर्यंत पुन्हा भरायची. तुम्ही दोघी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या दलदलीवर गेलात तेही तळ्यासाठीच, पाणवनस्पती आणायला. घरी आली तेव्हा गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. तुझी वहिनी दारातच तिला धूत होती, आणि ती मला सांगत होती की बाबा, दलदल म्हणजे जमिनीला आणि पाण्याला ठरवता येत नाही कुणी पुढे जायचं ते. ते तुझंच वाक्य असणार. त्याच आठवड्यात ताप आला. पुढचं तुला माहीत आहे, तू आमच्याबरोबरच दवाखान्यातल्या बाकावर बसली होतीस.

ती गेल्यावर मी खोलीत जात होतो, पण काम करत नव्हतो. पेट्यांवरची धूळ पुसायचो आणि घरी यायचो. मग एक दिवस तू आलीस, कापडं काढून सगळ्या पेट्या बघितल्यास, किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीस आणि दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. मला वाटलं, तुला ती खोली सोसवत नाही. मलाही सोसवत नव्हती, म्हणून अडवलं नाही. निघताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस ते मला खटकलं होतं. पण शोकात माणूस कुठे बघतो ह्याचा हिशेब कोण ठेवतो?

परवा जेवताना तुझ्या वहिनीने मला विचारलं, "तुम्ही ते तळं का ओतून दिलंत?" मी म्हटलं, कोण म्हणतं? मग तिने सांगितलं की फोनवर तू रडलीस. म्हणालीस, "दादाने तळं रिकामं केलं, वहिनी. मी तिला दलदलीवर नेलं हे तोंडाने बोलला नाही एवढंच." अगं वेडे, मी नाही रिकामं केलं. ते आटलं. पाणी घालणारी राहिली नाही आणि मला झारीला हात लावता आला नाही, म्हणून आटलं. दलदलीच्या पाण्याचा काही संबंध नव्हता. मी डॉक्टरांना तेव्हाच विचारलं होतं, एकदा विचारून भागलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. आजार तिच्या रक्तात कितीतरी महिने आधीपासून होता. ताप आला तेव्हा तो फक्त दिसला. हे तुलाही कुणी सांगितलं असेल असं मी धरून चाललो. मी चुकीचं सांगत नाही, निदान एवढ्या बाबतीत तुझा माझ्यावर भरवसा आहे ना? समजूत घालायला मला येत नाही. आलं असतं तरी हीच गोष्ट सांगितली असती, कारण ती खरी आहे. काल मी पेटीचे सांधे लाखेने बुजवले. चिखलाला भेगा पडल्या आहेत, कडेला तिच्या बोटांचे ठसे तसेच आहेत, त्यांना धक्का लावलेला नाही. झारी भरली, पेटीवर धरली, आणि बराच वेळ नुसता उभा राहिलो. मला ओतता येत नाही गं. भरलेली झारी तिच्या जागी ठेवून आलोय, किल्ली ह्या पाकिटात आहे. पाऊस तू पाड.

तुझाच,
दादा