होळीची बाज आणि चोरीचा रकाना

अमरावती, सोमवार

ती. आत्यास पौर्णिमाचा सा. नमस्कार.

आधी घडलेलं, क्रमाने:

१. होळीनंतरच्या आठवड्यात मी मूर्तिजापूर तालुक्यात गुन्ह्यांच्या पाहणीवर होते. त्यात तुझं गावही होतं.
२. "वर्षभरात तुमची वस्तू कोणी न विचारता नेली का?" याला तुझ्या गावातलं एकूण एक घर "हो" म्हणालं.
३. नियमानुसार सगळे "हो" चोरीच्या रकान्यात गेले.
४. चोऱ्यांत तुझं गाव तालुक्यात पहिलं आलं. तसं पेपरात छापून आलं.
५. तो पेपर अकोल्यात तुझ्या रागिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, खुशालरावांनी, वाचला.

तुझा गुडघा कसा आहे? (तेल लावतेस असं लिहू नकोस. बाटली काठोकाठ भरलेली मी पाहिली आहे.)

चूक माझी इतकीच, की वस्तू कोणत्या दिवशी गेली ते मी विचारलं नाही. होळीसाठी पोरांनी वामनरावांची बाज, पार्बताबाईच्या जळणाच्या पऱ्हाट्या आणि तुझं फाटक पळवायचं, मालकाने शिव्या देऊन मोकळं व्हायचं, ही रीत मला (आणि आमच्या नियमपुस्तकाला) ठाऊक नव्हती. म्हणून मी पुन्हा गेले आणि सरळ विचारलं, चोरी झाली का? सगळे "नाही" म्हणाले. विहिरीवरचा पंप गेलेले वामनरावसुद्धा. "पंप तं माह्या पुतण्यानं नेला," ते म्हणाले. "त्याले चोरी म्हनलं तं चोर घरचाच निंगते." म्हणजे जिला गाव चोरी म्हणत नाही ती मोजली गेली, आणि जी खरोखर झाली तिचं नाव कोणी घेईना. आकडा बदलणं माझ्या हातात नाही. खाली टीप देता येते, पण टिपा कोणी वाचत नाही. त्यामुळे शनिवारी मी अकोल्याला गेले.

खुशालराव म्हणाले, "चोरायच्या गावची पोरगी सून म्हनून कशी आनू?" मी वाद घातला नाही. पाहणीतला तोच, न विचारता नेलेल्या वस्तूचा प्रश्न त्यांच्याच घराला विचारला. उत्तर त्यांच्या पत्नीने, गोदाबाईंनी दिलं. "आमचं काई गेलं नाई. हेच रोज सकायी फिराले जातेत अन् पिशवीभर फुलं आनतेत. आमच्या घरी झाड एकबी नाई."

"देवासाठी तोडलं तं चोरी होत नाई," खुशालराव म्हणाले.

"होळीही देवाचीच," मी म्हटलं.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तारीख काढा."

तेव्हा लग्न ठरलेलं आहे. रागिणीला रडणं थांबवायला सांग.

तुझी भाची,
पौर्णिमा

ता. क. खुशालरावांची फुलं कोणत्याच रकान्यात भरलेली नाहीत. अकोला शहर या पाहणीत येत नाही.

ता. क. २. नवरदेवाचे जोडे चोरायचा मान तुझी धाकटी आचल मागते आहे असं कळलं. ती सख्खी बहीण आहे, तिचा हक्क मला मान्य आहे. तरी तो मान मला हवा आहे. जोडे कुठे लपवायचे तेही ठरवलं आहे. गुरुवारपर्यंत उत्तर पाठव.