उसवलेली ओवी

आदिलाबाद, जानेवारी १९५७

चि. धोंडीबा यास बयनाबाईकडून मायेचा आशीर्वाद.

आमी सगळे बरे आहोत. मायचा गुडघा आता कसा आहे? आपलं माहेरचं किनवट मुंबई राज्यात गेलं अन आमी आंध्रात राह्यलो, तरी लेक दूर गेली नाही, असं तिला सांग. माझ्या गोधडीला प्रदर्शनात पहिलं बक्षीस भेटलं, हेबी सांग.

इथून पुढचं मायला वाचून दाखवू नको.

मायला ठाऊकच आहे, त्या गोधडीवर मी ह्यांच्या शिलाई मशीनवर लाल दोऱ्यानं मायची ओवी शिवली होती:

घास घालते जात्याला, तोंडी नाव गं लेकीचं
पीठ सरलं तरीबी, गाणं सरेना लाडकीचं

प्रदर्शनाच्या बाई म्हणाल्या, "अब मराठी नहीं चलेगी. फूल रहने दो, अक्षर निकालो." मी म्हटलं, "ये मेरी माय का गाना है," अन गोधडी उचलून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले, तवा ह्यांनी ब्लेडनं एकेक टाका उसवला. ह्यांना भेटणारं शाळेच्या कपड्यांच्या शिलाईचं काम त्या बाईच्याच हाती आहे. मी रडले, तर म्हणाले, "दोराच काढला ना? कापड कुठं फाडलं?" अन स्वतःच गोधडी नेऊन दिली.

बक्षिसाला माझं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. आता हे विचारतात, "काऊन बोलून नाही राह्यली?"

मायनं विचारलं तर सांग, तिची ओवी सगळ्यांनी वाचली.

तुझी बहीण,
बयना