मधल्या दाराचं लाइटबिल

१२ एप्रिल १९७१, सोमवार
लाइटबिल आलं. डोकंच फिरलं. खाली सत्तारभाईंच्या फोटो स्टुडिओत गार हवेचं मशीन – कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाच्या लिलावातलं – दिवसभर घरघरतं आणि भरायचं आम्ही! इमारतीला मीटर एक, वाटणी दारांवर. नगरात वीज आली तेव्हा घरमालक छगनशेठच्या वडिलांनी भाडेकरूंच्या दर दारावर एक दिवा दिला. तेव्हापासून ज्याची जितकी दारं, तितका त्याचा वाटा. सत्तारभाईंना दार एक. माझ्या टायपिंग क्लासला तीन, शेजारी मालनबाईंच्या शिवणक्लासला तीन. आमच्या दोघांमधलं दार तर दोन्हीकडं मोजतात.

छगनशेठना विचारलं, हा कुठला न्याय? "दोन भाडेकरूंच्या मधलं दार दोघांचं. एकाच बिऱ्हाडातलं असतं तर मोजलं नसतं, आतल्या दाराला दिवाच न्हवता. वडलांपास्नं हाय हे, मास्तर." वडील गेले, दिवेही गेले. वाटणी तेवढी राहिली.

१३ एप्रिल
सत्तारभाईंना म्हटलं, मशीन बंद ठेवा. "ठेवतो की. उकाड्यानं नवरीचा चेहरा फिल्मवरून ओघळला तर तिच्या सासऱ्याशी तुम्ही बोला." मी नाही बोलणार.

१५ एप्रिल
नामी युक्ती सुचली. दारंच कमी करायची! आसाराम सुताराला बोलावून मागचं दार फळ्या मारून बंद केलं. मग मधलं. खिळा धरून आसाराम थांबला. "बाईंना इचारलं का?" त्यात काय विचारायचं? त्यांचाही फायदाच. मालनबाई पलीकडून म्हणाल्या, "ठोका, ठोका. चहा काही मी जिन्यावरून फिरून आणणार नाही." रोज अकराला त्या दारातून बशी झाकलेला कप येतो. यायचा. संध्याकाळी त्यांनीही आपलं मागचं दार ठोकून घेतलं. काटकसरीनं की रागानं, कळलं नाही.

१६ एप्रिल
चहा नाही.

२४ एप्रिल
खोलीची भट्टी झाली आहे. पोरांचा घाम टपटप अर्जांवर पडतो. पंखा पूर्वी दुपारचा लावायचो, आता सकाळी क्लास उघडल्यापासून. भिंतीपलीकडं मालनबाईंचाही पंखा सकाळपासून फिरतोय. खालचं मशीन मध्येमध्ये थांबायचं, आता थांबतच नाही. सत्तारभाई जिना चढून आले. "मास्तर, आमच्या डोक्यावर तवा ठेवलाय काय?" मी म्हटलं, धंद्याचं बघा. ते बघतच होते – माझ्या फळ्यांकडं.

११ मे, मंगळवार
नवं बिल. मागच्याहून मोठं. माझी दारं कमी झाली आणि भरायचे पैसे वाढले! मालनबाईंनी बिल पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बिल परत दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ मे
मालनबाई श्रीरामपूरला चालल्या. कायमच्या. भावानं तिकडं जागा बघितली आहे म्हणे, हा महिना संपला की जाणार. इथं मुलींना उकाड्यानं भोवळ येते. हे मला आसारामनं सांगितलं. सहा वर्षांचा शेजार, आणि सांगतो कोण, तर सुतार.

१४ मे
जाऊ देत. शिलाई मशीनची कटकट तरी जाईल.

कसलं डोंबल! त्या कटकटीच्या ठेक्यावरच माझ्या पोरांचा हात बसतो. आणि माझा दिवसही. मला मालनबाई जायला नको आहेत. लिहून टाकलं एकदाचं. आता हे त्यांना सांगायचं कसं? माणूस एकेचाळीस वर्षांचा होतो आणि अर्जाचे सगळे नमुने त्याला पाठ असतात, हा एक सोडून.

१६ मे, रविवार
त्यांचं कापड बेतायचं टेबल श्रीरामपूरला न्यायचं होतं. पुढच्या दारातून काही केल्या निघेना. त्यांच्या मागच्या दाराबाहेर नुसता अरुंद सज्जा; आणलं होतं ते माझ्या मागच्या रुंद जिन्यानं, माझ्या खोलीतून. म्हणजे माझं मागचं दार उघडा आणि मधलंही. आसारामनं खिळे उपटले आणि एकेक मोजून माझ्या हातात दिले.

मधलं दार उघडलं आणि त्यांच्या खिडक्यांतून वारा असा घुसला की माझ्या पोरांचे अर्ज मागच्या जिन्यापर्यंत गेले आणि त्यांचे झंपराचे कागदी बेत माझ्या टाइपरायटरवर येऊन बसले. आम्ही दोघं कागद गोळा करत फिरलो. थोड्या वेळानं सत्तारभाई धावत वर. "माझं मशीन कुणी बंद केलं?" कुणीच नाही. गार झालं म्हणून आपसूक थांबलं.

टेबल दारात अर्धं अलीकडं, अर्धं पलीकडं. "आजच्या दिवस राहू दे," मालनबाई आसारामला म्हणाल्या. त्याच टेबलावर चहा ठेवला. मी म्हणालो, "श्रीरामपूरला फार उकडतं." "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

१७ मे
दारं उघडी, पंखे बंद. आज बोलायचंच, असं ठरवलं. अकराला चहा आला. "आलं छान उतरलंय," असं बोललो.

१८ मे
आजही आल्याबद्दलच बोललो.

२३ मे, रविवार
छगनशेठ आले. उघडी दारं बघून खूश. "मग मधलं दार पुन्हा दोघांकडं धरतो." मालनबाई कपात चहा ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जूनपासून धरू नका, शेठ. एकाच बिऱ्हाडातल्या दाराला तुमच्या वडिलांनी दिवा दिला नव्हता."

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "बरोबर आहे त्यांचं."