हे छप्पर अजून दहा वर्षे काढील

१४ सप्टेंबर २०१४, रविवार. चर्चमधून आल्यावर.

मी, ओनेझिम सीर, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार सेंट ओदिल, नदीचा अलीकडचा काठ, मेन राज्य, अमेरिका; बटाट्याच्या वखारीचा निवृत्त मुकादम; चर्चमध्ये दानाची टोपली फिरविण्याचा मान असलेला; शिक्षण इयत्ता चौथी, अक्षर सुवाच्य; पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो की, माझ्या घराचे छप्पर उत्तम स्थितीत आहे.

हे लिहून ठेवण्याचे कारण असे. माझी पत्नी देल्विना हिच्या पलंगाच्या बरोबर वर छतास एक डाग आहे. काल तिने तो कुंच्याच्या दांड्याने मला दाखविला आणि म्हणाली, "ओनेझिम, या हिवाळ्यात माझ्या अंथरुणावर एक थेंब जरी पडला ना, तर मी रोलांदकडे जाईन. आणि गेले की गेलेच." रोलांद ही आमची कन्या. ती दक्षिणेस, गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहते. देल्विना हे खोकत खोकत बोलली, त्यामुळे बोलण्यास नाहक गांभीर्य आले.

देल्विनाचा भाऊ लिओनिद तेथेच कॉफी पीत होता. तो म्हणाला, "दाजी, हो म्हणा. येत्या शनिवारी इर्जिक घालतो, सगळं गाव हात लावायला येईल. जुनं सगळं उपटून दिवे लागायच्या आत नवं छप्पर. तुम्ही फक्त कोंबडीचा रस्सा घाला."

मी स्पष्ट नकार दिला. या गावातील निम्मी छपरे माझ्या मुकादमीखाली इर्जिकीने घातली गेली आहेत. इर्जिक कोणासाठी असते हे मला कोणी शिकवू नये. ती विधवांसाठी असते, आजाऱ्यांसाठी असते, आणि ज्यांच्याने आता काही होत नाही त्यांच्यासाठी असते. अशा घरच्या धन्यास अंगणात खुर्ची टाकून बसवितात. मी त्या खुर्चीत बसणार नाही.

सदर छप्पर पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वहस्ते घातले. डांबरी शिंगले, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक ठोकायच्या चपट्या पट्ट्या, रंग करडा. पुडक्यावर तीस वर्षे असे छापले होते. परंतु ते सर्वसाधारण माणसाने घातल्यास. संकल्प: योग्य निगा राखून छपराचे आयुष्य दहा वर्षांनी वाढविणे. देल्विना कोठेही जाणार नाही.

२० सप्टेंबर.

शेवाळ काढले. शेजारच्या आर्मेलकडून पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याचे यंत्र आणले. तो त्याने ट्रॅक्टरचा चिखल धुतो. शेवाळ पूर्ण गेले. शिंगलांवरील करडी रवाळ खडीही बरीच निघाली व पन्हळी भरून वाहिल्या. छपराने कात टाकली असे म्हणता येईल.

आर्मेल यंत्र परत नेण्यास आला, पन्हळीत हात घातला आणि म्हणाला, "काका, ही कात नाही, कातडी आहे. या खडीवरच तर ऊन अडतं."

आर्मेलचे वय पन्नासही नाही.

२८ सप्टेंबर.

देल्विना पुन्हा निळा कोट शोधीत आहे. लोकरी, मोठ्या बटणांचा. लग्नानंतरच्या पहिल्या बटाट्याच्या हंगामावर मी तो तिला घेतला होता. दोन हिवाळे झाले, सापडत नाही. तिचा संशय चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीवर आहे: "त्या जेर्मेनने उचलून विकला असणार. तिला दुसऱ्याच्या पेटीतलं आणि दानातलं कळतंच कुठे!" मी सहमती दर्शविली. जेर्मेनबद्दल माझेही मत चांगले नाही.

४ ऑक्टोबर.

कडा वळलेल्या शिंगलांखाली डांबर लावून त्या चिकटविल्या. वर विटा ठेवल्या. देल्विनाने शिडी धरली. तिचा खोकला शिडीतून माझ्या पायांपर्यंत पोहोचत होता. तिला म्हटले, खोकायचे असल्यास सूचना देऊन खोकावे.

दुपारी रोलांदचा फोन. "बाबा, तुम्ही वर चढलात?" मी म्हणालो, मी या क्षणी स्वयंपाकघरात उभा आहे. हे अक्षरशः खरे होते.

"मग आईच्या आवाजात शिडी का ऐकू येतेय?"

शहरात राहून मुलांना शंका घेण्याची सवय लागते.

११ ऑक्टोबर.

माळ्याची तपासणी. सर्व यथास्थित. वर चढल्यावर श्वास कोंडतो, यावरून ऊब किती उत्तम टिकते हे लक्षात यावे. खिळ्यांची टोके ओलसर होती, पुसून घेतली.

येथे एक गोष्ट नमूद करतो. वळचणीखाली छपरास हवेसाठी भोके ठेवलेली असतात. दोन हिवाळ्यांपूर्वी वाऱ्याबरोबर त्यांतून भुरभुर बर्फ आत आला. मी तत्काळ बटाट्याची पोती कोंबून ती बंद केली. पोती अपुरी पडली तेथे माळ्यावरील पेटीत सापडलेले, कोणी वापरीत नसलेले जुने कापड घातले. तेव्हापासून आत एक कणही आलेला नाही. ज्याने छपरास भोके ठेवण्याची पद्धत काढली तो उष्ण प्रदेशात राहत असावा.

देल्विनाच्या छताचा डागही त्याच हिवाळ्यात उमटला. योगायोग.

८ नोव्हेंबर.

पहिला मोठा बर्फ. गळती नाही. लिओनिदला फोन करून कळविले. तो म्हणाला, "दाजी, अहो बर्फ आत्ता पडलाय. वितळू तर द्या."

तो मूळचाच निराशावादी आहे.

देल्विनाचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, घरात ओल आहे का, बुरशी आहे का, बघा. डॉक्टर तरुण आहेत. खोकला वाऱ्याने होतो. मी माळ्यावर जाऊन आढ्याजवळची उरलेली फटही बुजविली. तिच्यासाठी जे करावयाचे ते मी करतो.

२५ डिसेंबर.

रोलांद व जावई आले. मध्यरात्रीची प्रार्थना, मग खिमा भरलेली भाजकी पोळी, मग पुन्हा तीच पोळी. वळचणीला माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लोंबत आहेत. अशी शोभा गावात दुसऱ्या घराला नाही.

आर्मेल शुभेच्छा देण्यास आला तो दारातच वर पाहत उभा राहिला. "काका, वळचणीला बर्फाचा बांध धरलाय. वरचं पाणी मागं फिरून शिंगलांखाली शिरेल. तुमच्या माळ्यावर हवा खेळते ना?"

मी अभिमानाने सांगितले की माझ्या माळ्यावर वाऱ्याची झुळूकही शिरू शकत नाही. तो वर पाहत डोके हलवीत राहिला. बहुधा प्रभावित झाला.

रोलांद आईला म्हणाली, "चल ना आमच्याबरोबर." देल्विना डागाकडे पाहून म्हणाली, "अजून कोरडा आहे. शब्द म्हणजे शब्द." ती न्यायी स्त्री आहे.

१७ जानेवारी २०१५.

बांधावर उपाय. नायलॉनच्या लांब मोज्यांत मीठ भरून ते बर्फावर आडवे टाकतात; त्याने पाण्यास वाट होते. ही येथील जुनी व खात्रीची पद्धत आहे. देल्विनाचे चर्चला जाण्याचे सर्व मोजे घेतले. विशिष्ट मीठ घ्यावे असे म्हणतात, परंतु घरात रस्त्यावर टाकण्याचे वाळूमिश्रित होते, ते वापरले. मीठ ते मीठ.

१८ जानेवारी.

मोजे घसरून वळचणीवरून खाली लोंबले व गोठले. लिओनिदने रस्त्यावरून पाहिले. म्हणाला, "दाजी, चार बायका तुमच्या छपरात डोकं खुपसून अर्ध्या बाहेर राहिल्यात असं दिसतंय." मला तसे दिसले नाही. फादरांनी मात्र गाडी थांबविली होती.

देल्विना लोकरीचे पायमोजे घालून चर्चला आली. सर्व वेळ तिने पाय बाकाखाली घेतले होते. परतताना एवढेच म्हणाली, "ओनेझिम, माझं असं काही राहिलंय का रे, जे त्या छपराला लागणार नाही?"



३१ जानेवारी.

कुऱ्हाडीने बांध फोडला. काही शिंगले बर्फाबरोबर आली. जी आली ती मुळातच सैल होती.

१२ फेब्रुवारी, पहाट.

देल्विनाच्या उशीवर किंचित दमटपणा. घाम असू शकतो.

तोच दिवस, न्याहारीनंतर.

बादली ठेवावी लागली.

देल्विना ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलण्यास जागा मिळाली असती. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "उशी फिरवली. बाजू बदलली. पायाकडे डोकं केलं. आता भिंतच उरली, ओनेझिम. आणखी कुठे सरकू?" मग रोलांदला फोन लावला.

मी तिच्या निदर्शनास आणून दिले की, ती एक थेंब म्हणाली होती व हा एक थेंब नव्हे.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

जावई येऊन घेऊन गेला. एक पिशवी, शिवणाची टोपली, जपमाळ. हिवाळी बूट मात्र दाराशीच आहेत. यावरून ती लवकर परतणार हे सिद्ध होते.

१ मार्च.

पलंग स्वयंपाकघरात आणला. सोयीचे पडते. प्लोये, म्हणजे आमच्याकडची कुट्टूची धिरडी, करून पाहिली, तव्याला चिकटली. तवा बिघडला असावा.

घरात शांतता. कोणी खोकत नाही. झोप लागत नाही.

८ मार्च.

देल्विनाचा फोन. आवाज स्वच्छ. तिकडे जाऊन आठवड्यात खोकला थांबला म्हणाली. समुद्राची हवा मानवली असावी. मी बूट पाठवू का, असे विचारले. ती म्हणाली, "नको. रोलांदने नवे घेतले."

रोलांदच्या छपराला वळचणीखाली भोके आहेत का, हे सहज विचारले.

"आहेत की. चांगली उघडी आहेत. का रे?"

काही नाही, म्हणालो.

९ मार्च.

माळ्यावर जाण्याचे ठरविले होते. गुडघा दुखत असल्याने गेलो नाही.

१५ मार्च.

गुडघा बरा आहे. गेलो नाही.

४ एप्रिल, ईस्टरच्या आदला दिवस.

बर्फ वितळू लागला. दुपारी निजण्याच्या खोलीतील छत खाली आले. जेथे देल्विनाचे डोके असे तेथेच. ओला लगदा, काळी बुरशी, फळीचा तुकडा. इजा कोणासही नाही. कोणी नव्हतेच.

बराच वेळ दारात उभा होतो.

लिओनिद आला. त्याने आधी वर पाहिले, मग खाली, मग टोपी काढली. मी म्हणालो, बोल. तो म्हणाला, "दाजी, मी काही बोलत नाही. ती इथं नव्हती, एवढंच बोलतो."

नंतर मी त्यास कळविले की, गावाची इच्छाच असेल तर इर्जिकीस मी परवानगी देण्याचा विचार करीन. तो म्हणाला, "शेतं वाळली की घालू. परवानगी सप्टेंबरातच मिळाली असं समजतो."

९ मे, शनिवार. संध्याकाळी.

इर्जिक झाली. सकाळी अंगण गाड्यांनी भरले. मी माझी हातोडी घेऊन शिडीशी गेलो. आर्मेल शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभा होता. तो बाजूला झाला नाही. अत्यंत आदराने म्हणाला, "काका, खालून बघा ना. वरून आम्हाला तुमच्यासारखं दिसत नाही."

कोणीतरी खुर्ची आणली.

बसलो.

देल्विना रोलांदबरोबर आली होती. मला पाहून म्हणाली, "वाळलास." मग रश्श्याचे पातेले चढविले. तिची पिशवी रोलांदच्या गाडीतच होती. मी दोनदा पाहिले.

शिंगले उपटली तशा खालच्या फळ्या दिसल्या. त्या फळ्या राहिल्या नव्हत्या. लिओनिदचे फावडे एका फळीत लोण्यात जावे तसे गेले.  मग आर्मेलने वळचणीत हात घातला व बटाट्याची पोती ओढून काढू लागला. एक, आणखी एक, आणखी. प्रत्येक पोत्यावर आमच्या वखारीचा शिक्का, त्यामुळे ती कोणाची असा प्रश्न कोणी विचारला नाही. मी नदीकडे पाहत होतो.

शेवटी काहीतरी निळे निघाले.

"काकू," आर्मेल वरून म्हणाला, "हा कोट कुणाचा?"

मला वाटले होते, ते जुने कापड होते. पेटी अंधारात होती. हे मी मोठ्याने म्हणालो नाही.

देल्विनाने पळी खाली ठेवली, हात पुसले आणि कोट घेतला. त्याला काळी बुरशी होती. मोठी बटणे मात्र सर्व जागच्या जागी. तिने तो झटकला. सगळे अंगण वाट पाहत होते. जेर्मेनही सॅलडचा वाडगा घेऊन तेथेच उभी होती.

देल्विना म्हणाली, "छपराला थंडी वाजत होती होय रे?"

लिओनिद प्रथम हसला. मग सर्वच. जेर्मेन सर्वांत शेवटी हसली, पण सर्वांत जास्त वेळ. मी हसलो की नाही, स्मरत नाही.

देल्विना खुर्चीपाशी आली व हळू आवाजात म्हणाली, "ती भोकं आता उघडी राहणार?"

हो, म्हणालो. आणखीही काही म्हणणार होतो. शब्द शुद्ध जुळेनात.  ती म्हणाली, "एक हिवाळा कोरडा जाऊ दे. मग बघू," आणि माझ्या हातात रश्श्याची ताटली दिली.

दिवस मावळण्यापूर्वी छप्पर पूर्ण झाले. रंग करडा. खिळे एका ओळीत आहेत, खालून पाहिले. पुडक्यावर तीस वर्षे छापले आहे. त्यावर मला काही म्हणावयाचे नाही.

देल्विना रोलांदबरोबर परत गेली. पिशवी गाडीतून उतरली नाही. निळा कोट तिने व्हिनेगरने पुसून अंगणातील तारेवर वाळत घातला आणि जाताना नेला नाही. यावरून मी काहीही सिद्ध करू इच्छित नाही. कोट अद्याप ओला आहे. पाऊस आल्यास आत घेईन.

वर लिहिलेले घडताना हजर असलेले साक्षीदार: लिओनिद, मेहुणा. आर्मेल, शेजारी. फादर, रस्सा दोनदा घेऊन. जेर्मेन, जिच्याबद्दलचे सप्टेंबरातील मत मी मागे घेतो. रोलांद, कन्या. देल्विना सीर, पत्नी, दुपारी चारपर्यंत.

ओनेझिम सीर. खुर्चीवर.