आधी दार बघायचं

भिंगार

प्रिय धनू,

हे पत्र शिवणक्लासच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण मला स्वतःला कुणाचं पत्र आलं की आधी शेवटची ओळ वाचायची खोड आहे, कोण गेलं ते बघायला. कुणी गेलेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, माझ्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. पत्ता तू आईला शिवून दिलेल्या ब्लाउजच्या पिशवीवर छापलेला होता, तो घेतला. फोनवर तुझा आवाज घुमतो, मला धड ऐकू येत नाही, म्हणून म्हटलं लिहावं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं आणि नोकरी लष्कराच्या बागेत माळीकामाची. झाडांच्या नावाच्या पाट्या सोडल्या तर मी फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घे.

विषय निकिताचा आहे. तुझ्या भाचीनं डोक्यात घेतलंय की मला आत्यासारखं कराटे शिकायचं. भिंतीवरचा तुझा पांढऱ्या ड्रेसमधला फोटो तिनं स्टुलावर चढून उतरवला आणि फोटोतल्यासारखा पाय वर करायला गेली, ती स्टुलासकट खाली. तिला काही झालं नाही, स्टुलाचा पाय तेवढा मोडला. सुनील नुकताच सुप्याहून कंपनीच्या गाडीनं आला होता. तो वैतागला. म्हणाला, नाना, काय उपयोग हाय त्याचा सांगा. आमच्या गाडीत एक ब्लॅक बेल्टवाला येतो. त्याला बायपासला दोघांनी चाकू दाखवला, तर गड्यानं गपचूप मोबाईल काढून दिला. मग तो बेल्ट काय पँट सावरायला बांधतो का? सूनबाई पूजा पदर तोंडाला लावून हसली. तुझी आई आतून म्हणाली, सुन्या, कुत्रं भुंकलं तरी तू धनूच्या मागं लपायचा, तुला काय कळतंय त्यातलं. त्यावर तो म्हणाला, आई, कुत्र्याकडं चाकू नसतो. मग निकिता रडत रडत म्हणाली, आत्यालाच विचारा ना, आत्याला सगळं येतं. सुनील हात धुवायला उठला तो बराच वेळ नळापाशीच उभा होता.

म्हणून तुला विचारतो. जे शिकलीस त्याचा खरोखरच्या आयुष्यात उपयोग होतो का? तुझ्याइतकं खरं मला दुसरं कुणी सांगणार नाही.

तुला कराटेच्या क्लासला घातलं ते मी शूर म्हणून नाही, भित्रा म्हणून घातलं. तू आठवीत गेलीस, शाळेची वाट बाजारातून, आणि पानाच्या टपरीवर बसलेली ती पोरं. तुला यायला जरा उशीर झाला की मी बागेतलं पाणी चालू ठेवून फाटकापाशी जायचो. वाफे तुंबायचे, साहेब ओरडायचे. मग मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आप्पासाहेब सरांचा क्लास आहे असं कळलं. पलटणीतून रिटायर झालेला माणूस, मिशा बघूनच मला घाम फुटला होता. मला वाटलं, पहिल्या दिवशी लाथाबुक्क्या शिकवतील. त्यांनी सगळ्या पोरींना डोळे मिटायला लावले आणि विचारलं, दार कुठंय? हात करून दाखवा. निम्म्या पोरींनी भिंतीकडं हात केले. तुझा हात बरोबर दाराकडं. मग त्यांनी विचारलं, दार उघडतं कुठल्या अंगाला? तू डोळे मिटूनच म्हणालीस, बाहेरच्या अंगाला, पण खालची कडी अडकते सर. ते माझ्याकडं वळून म्हणाले, सूर्यभान, ही शिकंल. कुठंबी गेलं तरी आधी दार बघायचं, हात-पाय नंतर. मला तेव्हा ते जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं. दार दाखवायला कशाला क्लास पाहिजे?

टॉवेलचा अभ्यास आठवतो का? कुणीतरी तोंडापुढं टॉवेल झटकायचा आणि डोळा मिटू द्यायचा नाही. डोळा मिटला की समोरचा कुठून येतो ते दिसत नाही, असं सरांचं म्हणणं. क्वार्टरच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी आपण रोज संध्याकाळी उभे राहायचो, माझ्या हातात ओला टॉवेल. सुरुवातीला तू दचकायचीस, हसायचीस, मागं सरायचीस. पावसाळा संपेपर्यंत तुझी पापणी हलेनाशी झाली. नाकापासून बोटभर अंतरावर टॉवेल फाडकन वाजायचा आणि तू माझ्याकडं बघत राहायचीस, जणू मीच कुणीतरी लहान आहे. डोळे मिटायचे ते माझे. झटकणारा मी आणि मिटणारा पण मीच. तुझी आई खिडकीतून ओरडायची, अहो, आंधळी कोशिंबीर खेळताय व्हय, पोरीच्या कानाला लागंल. पण मी गल्लीत सांगत सुटलो होतो, आमच्या धनूचा डोळा मिटत नाही. आयुष्यात मी एवढी एकच बढाई मारली.

आणि मग बाजारातली ती गोष्ट. त्या पोरानं तुझी ओढणी धरली, तू आधी एवढ्या मोठ्यानं ओरडलीस की अख्खा बाजार वळला, आणि मगच त्याचं बोट धरून पिरगळलंस. तो मटकन कोथिंबिरीच्या ढिगात बसला. कोथिंबीरवाली झुंबरबाई त्यालाच शिव्या देत होती, मुडद्या, जुड्या मोडल्यास माझ्या, ऊठ आधी. लोक अजून ती गोष्ट सांगून हसतात. मी हसलो नव्हतो. त्याचे चुलते, मित्र, कोण कोण येतील म्हणून मला घास उतरत नव्हता. तू कॉलेजला निघालीस की मी पेपर आणायच्या निमित्तानं मागं मागं यायचो, लांबून. मला वाटायचं, तुला कळत नाही. एक दिवस मागं न वळताच तू म्हणालीस, नाना, चप्पल वाजते तुमची.

तेव्हा उपयोग झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुनीलला मी तेच सांगणार होतो. पण सांगता आलं नाही. का, ते आता लिहितो.

दिवाळीला तू आली नाहीस. जावईबापू अमृतराव फोनवर म्हणाले, दुकानात गर्दी आहे, भाऊबीजेला पाठवतो. भाऊबीजेला म्हणाले, तिला कणकण आहे. म्हणून आम्ही दोघंच फराळाचा डबा घेऊन राजूरला आलो. जावईबापूंनी पाहुणचार चांगला केला, खोटं कशाला बोलू. गावठी कोंबडी आणली, तुझ्या आईला शाल घेतली, मला धरण दाखवून आणलं. तू पूर्ण हातांचा ब्लाउज घातला होतास. मी मनात म्हटलं, डोंगरातली थंडी. निघायच्या दिवशी सकाळी तू चहा घेऊन आलीस. जावईबापू तुझ्या शेजारी उभे होते. त्यांनी वलणीवरचा टॉवेल घ्यायला हात वर केला. फक्त टॉवेल घ्यायला. आणि धनू, तू डोळे मिटलेस. मान खांद्यांत गेली, कप बशीत कलंडला. ते हसून म्हणाले, धांदरटच आहे ही, नाना. तूही हसलीस. आणि मी म्हणालो, चहाला साखर कमी आहे. मला शुगर आहे. तू माझ्याकडं पाहिलंस आणि साखरेचा डबा आणायला आत गेलीस.

एसटीत तुझी आई एवढंच म्हणाली, लई वाळली पोरगी. मी म्हटलं, हवा मानवत नसेल. ती संगमनेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवसापासून मला कशाचीही भीती वाटते. दार आपटलं की वाटते, फोन वाजला की वाटते, नाही वाजला की जास्त वाटते. गॅस बंद केलाय का ते बघायला उठतो आणि बघायचं विसरून तिथंच उभा राहतो. तू कधीतरी हात उचलशील याची भीती वाटते, कारण तुझा हात मला माहीत आहे, आणि मग पोलीस, कोर्ट, लोक तुलाच धरतील. तू हात उचलणार नाहीस याची त्याहून जास्त वाटते. आणि फोनवर तुझा आवाज का घुमतो ते मला माहीत आहे. फोन दर वेळी जावईबापूच उचलतात आणि स्पीकरवर टाकतात.

मी आप्पासाहेब सरांकडं गेलो होतो. मिशा पांढऱ्या झाल्यात, पण क्लास चालू आहे. विचारायला गेलो निकिताचं. आधी सुनीलच्या त्या ब्लॅक बेल्टवाल्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मोबाईल दिला, जीव घेऊन घरी आला, शाबास. त्याच्या मास्तरला माझा नमस्कार सांग. मग मी इकडचं तिकडचं बोलत शेवटी विचारलं, सर, बाहेरच्याचं ठीक आहे, पण घरातल्याच माणसानं हात उगारला तर? मी कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पोरींच्या चटया गुंडाळता गुंडाळता म्हणाले, सूर्यभान, समोरचा वैरी हाय हे मनानं धरलं तरच हात उठतो. ज्याला रोज ताट वाढलं त्याच्यावर कसा उठायचा? आन उठला, जिंकली, तरी रातच्याला तिथंच झोपायचं असतं. बाजारात जिंकून पोरगी घरी येती. घरात जिंकून कुठं जायाची? तिथं जिंकायचं न्हाई, निघायचं. सांगून न्हाई, भांडून न्हाई, एकटीनं तर न्हाईच. निघतानाच जास्त जपायचं असतं. मी उठलो तर मागून म्हणाले, आन तिला सांग, हात उठला न्हाई म्हणून शिकवलेलं वाया गेलं असं काय न्हाई. पहिला धडा आठव म्हणावं.

तेवढ्यासाठी हे पत्र आहे, धनू. निकितासाठी नाही. दार बघून ठेव. तुमच्या पुढच्या दाराचा वरचा कोयंडा ताठर आहे, ते मी येताना पाहिलं. मागचं न्हाणीकडचं दार नुसतं ओढलं की उघडतं. पत्र तुला कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून ते टाकल्यापासून दर बाजाराच्या दिवशी सकाळपासून मी आणि तुझी आई राजूरच्या एसटी स्टँडवर बसलेले असू. भाजीला निघाल्यासारखी ये. बाजाराची पिशवी घे, दुसरं काही घेऊ नकोस, कपडे नको, दागिने नको. सुनील गाडी घेऊन रस्त्याला थांबेल. त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, नाना, मला आधीच वाटत होतं, तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत होतो. एका बाजाराला जमलं नाही तर त्याच्या पुढच्या बाजाराला आम्ही तिथंच असू, आणि त्याच्याही पुढच्या. मधे काही झालं तर बाजारात ओरडली होतीस तशी ओरड, शेजारी जा, फोन हाताला लागला तर पोलिसांचा एकशे बारा लाव. हे पत्र घरी नेऊ नकोस, क्लासच्या बाईंकडंच ठेव. आणि अमृत स्टँडवर आडवा आला, तर मी मधे उभा राहीन. तो हात वर करील तेव्हा माझे डोळे मिटतील, ती खोड आता या वयात जायची नाही, पण जागचा हलणार नाही. लोक काय म्हणतील ते मी इथं ऐकून घेईन. मला घाबरायची सवय आहे, आणखी थोडं घाबरेन. तुझ्या आईला मी हे सगळं भीत भीत सांगायला गेलो, तर तिनं मला हाताला धरून कपाटापाशी नेलं. खालचा कप्पा रिकामा होता, पेपर घालून स्वच्छ केलेला. राजूरहून आलो त्याच संध्याकाळी केलाय, म्हणाली. स्टुलाचा पाय मी बसवला आहे. निकिता रोज विचारते, आत्यानं काय सांगितलं? ते तू इथं येऊन सांग.

तुझाच,
चप्पल वाजवत मागून येणारा
नाना