अण्णा घुमटात काय म्हणाले

१० नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे घरातले सगळे आंघोळीच्या रांगेत असताना मी अण्णांच्या उशाशी गेलो आणि त्यांचं कानाचं यंत्र उचललं. आतला सेल काढून खिशात टाकायचा, एवढाच बेत. देवाचं नाव घेऊन चोरीला निघणारा मीच पहिला नसेन!

कारण आत्या. शिवणशाळेत कटिंग शिकवायला येता का, असं मला विचारलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचं. हो म्हटलं तर आमचं शिंप्याचं दुकान बंद – अण्णांनी उभं केलेलं, मग माझ्या हाती दिलेलं. त्यांना सांगायची हिंमत होत नाही. बायकोला सांगितलं, तिने आत्याला सांगितलं, म्हणजे आता फक्त दवंडी राहिली. आणि आज दिवसभर जुनं शहर बघायचं, बसमध्ये आत्या अण्णांच्या मागच्याच बाकावर! एका दिवसापुरते अण्णा बहिरे राहिले तर कुणाचं काय जातं?

झाकण उघडलं. सेल नव्हताच!

यंत्र गुपचूप होतं तिथे ठेवलं. अण्णा आंघोळ करून आले, ते रिकामं यंत्र कानात घातलं, आरशात बघून नीट बसवलं आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली.

बसमध्ये आत्याला हळूच सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही. म्हणाली, "सोंग आहे रे. लहानपणी आईने पाणी भरायला हाक मारली की दादा ठार बहिरा. जेवायला मारली की पहिला हजर."

मग परीक्षा घ्यायचं ठरलं. पन्नाशीला टेकलेला मी आणि सत्तरी ओलांडलेली आत्या!

पहिली परीक्षा बसमध्येच. आत्या मागून मोठ्याने म्हणाली, दादा, तुझी पँट सुटली. अर्धी बस वळली. अण्णा ढिम्म. (पँट सुटायच्याच बेतात आहे खरी. अण्णा वाळलेत, कमरेत चार बोटं ढिली होते, एका हाताने धरून चालतात. शिंप्याचा बाप! पावसाळ्यापासून म्हणतोय, आत घेतो.)

"मुरलेला आहे," आत्या म्हणाली.

राजवाड्याच्या खिडकीवर तिकीटवाला काचेआडून पुटपुटला की ज्येष्ठांना अर्धं तिकीट. मला जेमतेम ऐकू आलं. अण्णा माझ्या लेकीबरोबर, चिमीबरोबर, मागे उभे होते, ताठ. जरा वेळाने बघतो तर कमरेत वाकलेले, चिमीच्या खांद्याचा आधार, वर खोकला! तिकीटवाल्याने बसायला खुर्ची दिली.

आत गेल्यावर गाइड म्हणाला, महाराजांनी तीन राण्यांना तीन महाल बांधले आणि स्वतः झोपायला हत्तीखान्यात जात. सगळे हसले. अण्णाही हसले – आमचं हसून झाल्यावर, सावकाश, पण चांगले खदखदून. शेजारी चिमी, मोबाइलमध्ये तोंड घालून. अण्णाही सारखे तिच्या मोबाइलात डोकावत होते. आमची ही वैतागली. एक होती ते पुरे नव्हतं, म्हाताऱ्यालाही नाद लावला म्हणे.

आत्याने मला कोपराने ढोसलं. निकाल लागला.

तिला गंमत वाटत होती. मी मात्र मागचं आठवायला लागलो. यांना यंत्राशिवायही ऐकू येतं, म्हणजे जेवताना यंत्र काढून ठेवलेलं असायचं तेव्हा त्यांच्या देखत आम्ही जे जे बोललो ते सगळं त्यांनी ऐकलंय! दुकानात आता काय उरलंय, हे मीच म्हणालो होतो. भाकरी मोडत बसले होते समोर. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

शेवटी घुमट. मोठा गोल दिवाणखाना. गाइडने सांगितलं, या भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या भिंतीला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. आत्या आणि ही लगेच एकेका भिंतीला चिकटल्या, कुणाबद्दल काय बोलल्या देव जाणे, लाल होऊन परतल्या. मग अण्णा पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले, एक हात पँटला. चिमी बाहेर फोटो काढत होती.

मनात देवाचं नाव घेतलं. समोरासमोर जे जमलं नाही ते दगडाला सांगावं. तोंड भिंतीशी नेलं आणि म्हटलं, "अण्णा, दुकान बंद करू का?"

कान लावला. नुसता दगडाचा गारवा.

आणि मग कान लावायची गरजच उरली नाही. सगळा घुमट दणाणला – "बंद कर आता ते दुकान! शाळेत जा शिकवायला! पण आधी माझी पँट आत घे, चारचौघांत सुटायची!"

सुटायची, सुटायची, सुटायची, घुमट म्हणत राहिला. शाळेची सहल आली होती, ती पोरं लोळायची बाकी राहिली. गाइड धावत आला. आजोबा, इथे कुजबुजायचं असतं! अण्णांनी त्याच्याकडे बघून प्रेमाने मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये आत्या हसून हसून दमून झोपली. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. डोळे पुसायला ती बाजू बरी.

११ नोव्हेंबर, सोमवार

शिवणशाळेत जाऊन हो म्हणून आलो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गिऱ्हाइकांचे कपडे देऊन झाले. एक मशीन विकलं, एक ठेवलं. हुकाला अण्णांची पँट तेवढी लटकतेय. अर्ध्या तासाचं काम. रोज खाली काढतो, खडूने खूण करतो, पुन्हा लटकवतो. ती झाली की दुकानात कामच उरत नाही.

ही म्हणाली, म्हातारा दुसरी पँटही अजून धरूनच फिरतोय, निदान नाडी तरी ओवून द्या.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज गंमत करायला गेलो. यंत्राचा नवा सेल आणला, अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, सोंग पुरे! अण्णा हसले. चिमी हसली नाही. मला हाताला धरून जिन्यात घेऊन गेली.

यंत्राचा उपयोग नाही म्हणाली. गेल्या वर्षापासून अण्णांना काहीच ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली होती. तेव्हापासून जो जे काही बोलेल ते ती मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. तिकीट, महाराज, राण्या – सगळं. माझ्या नोकरीचंही.

"तुम्हाला सांगायचं नाही असं वचन घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, त्याला कळलं तर तो मला सोडून कुठेही जाणार नाही."

म्हणजे सोंग होतंच. फक्त ऐकू येण्याचं.

तरी विचारलं, घुमटात मी बोललो ते तू लिहून दाखवलंस ना?

"मी तर बाहेर होते, बाबा. का? काय बोललात?"

३० नोव्हेंबर, शनिवार

पँट आत घेतली. अण्णांना दुकानातच घालून बघायला सांगितली. दोन्ही हात सोडून उभे राहिले, मग ऐटीत एक फेरी मारली.

शटर ओढलं. खडखडाट झाला, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांनी पत्र्यावर पंजा टेकवला आणि पत्रा थरथरायचा थांबेपर्यंत तसाच ठेवला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी समोर जाऊन उभा राहिलो आणि त्यांना नीट दिसेल अशी मान हलवली.