शनिवारी दहा ते एक

७ सप्टेंबर, शनिवार

बोट कापलं! पहिल्याच दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात. मास्तर म्हणाले, "झालं, आता तुमचं नाव पक्कं."

लाकडातून टवके काढून नक्षी करायची. आखूड पात्याचा चाकू, मऊ फिकट फळी, पेन्सिल, पट्टी. बस्स. एका त्रिकोणाला तीन तिरपे काप. तिन्ही तळाशी एका जागी मिळाले की टवका आपोआप उडतो म्हणे. माझा एकही उडाला नाही. मी टोकानं उचकटत बसले. मास्तर करवादले, "उचकटू नका हो! सुटत नाही म्हणजे एक काप अपुरा आहे. तो शोधा."

हे सगळं धाकटीमुळे. परस्पर क्लासची फी भरून आली. "ताई, अकरा वर्षं हेच चाललंय. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासतेस आणि घरी आलीस की बाबा. शनिवारी दहा ते एक मी बसते त्यांच्याजवळ. तू जा." सख्खी बहीण असावी तर अशी.

१४ सप्टेंबर, शनिवार

सतरा त्रिकोण, त्यातले नऊ स्वच्छ! अंगठा लाकडावर टेकवून ठेवायचा, मनगट वळवायचं नाही, अख्खा हात ओढायचा. टवका उडतो तेव्हा आवाज अगदी बारीक येतो. मला त्याचं वेडच लागणार.

१५ सप्टेंबर

सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "काल दोन माणसं आली होती. एकानं माझी भिंत मोजली. बुटांसकट आत!"

धाकटीला फोन केला. ती हळूच म्हणाली, "ताई, कोणी नव्हतं गं आलं. मी घरातच होते ना."

बाबा ब्याऐंशी वर्षांचे. सुरू झालं म्हणायचं.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज म्हणे एक बाई आली होती. हिरवा ड्रेस. स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघितली, पाण्याची टाकी कुठे आहे विचारलं. बाबा इतकं बारीक सांगतात की अंगावर काटा येतो. मी म्हटलं, "बाबा, कोणी आलं नव्हतं." ते माझ्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले.

धाकटी फोनवर रडली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अर्धी रजा टाकून बाबांना डॉक्टरांकडे नेलं. धाकटी आली होती, तिनंच नंबर लावलेला. डॉक्टरांनी वार, तारीख, शंभरातून सात वजा करा वगैरे विचारलं. बाबांनी तारीख तेवढी चुकवली. तारीख मलाही सांगता आली नसती!

मग घरच्यांनी भरायचा फॉर्म. 'घरात अनोळखी माणसं आल्याचं वारंवार सांगतात. प्रत्यक्षात कोणी आलेलं नसतं.' माझ्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली. पेन धाकटीनं दिलं. "औषध सुरू करायला हे लागतं, ताई." बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते. चष्मा पुसत होते.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज डबीचं झाकण घेतलं. कंपासनं सहा पाकळ्यांचं फूल आखलं. गोल काप भारी अवघड — लाकडाच्या शिरा उलट्या आल्या की चाकू स्वतःच्या मनानं पळतो. मास्तर म्हणाले, "पाकळीच्या टोकाशी जोर करू नका, तिथे लाकूड उरतंच किती!" डबी धाकटीला देणार आहे. तिला सांगितलेलं नाही.

१२ ऑक्टोबर

चार पाकळ्या झाल्या.

तीन शनिवार झाले, बाबा माणसांबद्दल चकार शब्द बोललेले नाहीत. औषध लागू पडलं!

१९ ऑक्टोबर, शनिवार

मास्तरांची कंबर धरली. क्लासच्या दारावर चिठ्ठी. पावणेअकराला घरी परत.

दार सताड उघडं. दिवाणखान्यात धाकटीचा नवरा, हातात घराचा नकाशा. एक माणूस टेप घेऊन खिडकीशी, त्याची बायको माझ्या पलंगापाशी उभी राहून, "ही खोली लहानच आहे हो." बाबा त्यांच्या खोलीत, दार बाहेरून लावलेलं.

धाकटी आतून आली. मला बघून पहिलं काय म्हणाली? — "अगं, आज क्लास नाही?"

घर बघायला आलेली ती गिऱ्हाइकं गेल्यावर सगळं बाहेर आलं. घर बाबांच्या नावावर आणि बाबा विकायला तयार नव्हते. चार वर्षांपूर्वीच तिला तोंडावर नाही म्हणाले होते. मला तेही ठाऊक नाही! आता 'वडिलांना भास होतात, व्यवहार माझ्या हाती द्या' असा तिनं अर्ज केलाय. सोबत डॉक्टरांचा कागद. सोबत माझं निवेदन.

"तुला आधी सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?" मलाच विचारते! वर म्हणते, "तुझ्याही भल्याचंच आहे ताई, किती दिवस अडकून राहणार?"

मी कडी काढली. बाबा पेपर वाचत होते. मान वर केली नाही.

२० ऑक्टोबर

बाबांशी बोलायचं धाडस नाही. भात करपला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांना लेखी दिलं: माणसं खरी होती, माझं आधीचं निवेदन चुकीचं. एक प्रत अर्ज जिथे दिलाय त्या कचेरीत. शिक्का मारून घेतला. कारकून म्हणाला, "आता असा अर्ज पुढे सरकणं कठीण."

डॉक्टरांनी मात्र चष्म्यावरून बघितलं. "शहानिशा न करताच लिहून दिलंत?"

काय सांगू? बहिणीला विचारलं होतं, हेच उत्तर. भिंत मोजली म्हणणाऱ्या बाबांना मी एकदाही विचारलं नाही — कुठली भिंत?

२६ ऑक्टोबर, शनिवार

क्लासला बाबांना घेऊन गेले. आता कुणाच्या भरवशावर ठेवू? ते खिडकीपाशी बसून राहिले. पाचव्या पाकळीचं टोक उडालं. मास्तर म्हणाले, "चिकटवता येईल." मी नको म्हटलं. धाकटीचे अकरा फोन. उचलले नाहीत. लाडानं वाढवली तिला मी, आई गेल्यावर वेण्या घातल्या.

२७ ऑक्टोबर

आज बाबांना सगळं सांगितलं. मला काही माहीत नव्हतं, मलाही फसवलं, सगळं. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "तू सही करत होतीस तेव्हा मी शेजारीच होतो गं. मला वाटलं, तूही त्यांच्यातलीच."

महिनाभर रोज दोन वेळा मी वाढलं, आणि बाबा हे मनात ठेवून मुकाट्यानं जेवले.